सकाळी बरा दिसणारा माणूस

सांगलीचा साहेब सकाळी नवालाच दारात येऊन उभा राहिला आणि मी कपाळावर हात मारला. कारण सकाळी नवाला माझा रविराज बरा दिसतो.

नुसता बरा नाही, कुणाची दृष्ट लागावी असा दिसतो. त्या दिवशी तर त्याने दाढी केली होती, शिरवळला कंपनीत जाताना घालायचा तो शर्ट इस्त्री करून घातला होता. मोटारसायकलचा आवाज ऐकून तो स्वतः उठला, सोप्यातली खुर्ची उचलली आणि अंगणात लिंबाखाली नेऊन ठेवली. मी दारातून बघत होते. मनात म्हटलं, अरे मेल्या, ठेव ती खाली. साहेबाने हेल्मेट काढलं, खुर्चीकडे बघितलं, खुर्ची आणणाऱ्याकडे बघितलं आणि खिशातला मोबाईल काढून हातात धरला.

"या, बसा," रविराज म्हणाला. "वाट सापडली न्हवं नीट?"

"सापडली की. मागच्या टायमाला आलोच होतो."

त्या मागच्या वेळेचंच तर आम्ही फेडत होतो.

रविराज माझा एकुलता लेक. शिरवळला एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. पुढे दोन लोखंडी दात असलेली गाडी असते, ते दात मालाखाली घालायचे आणि माल उचलून उंच रचायचा. बायको अंजना आणि लेक पल्लवी, दोघींना घेऊन तिथेच खोली करून राहायचा. मी इकडे माणात, दहिवडीच्या पुढे, आमच्या वाडीत मेंढरांपाशी. आमची जमीन म्हणजे वर आभाळ बघायचं आणि खाली दगड वेचायचे. पण मेंढरं होती, लेकाचा पगार होता, त्यामुळे माझा आवाज वाडीत जरा मोठाच होता. अजून आहे.

एके दिवशी रविराजला एकाचे दोन दिसायला लागले. समोर माल एक आणि डोळ्यांना दोन. नसलेल्या मालाखाली दात घालायला गेला आणि असलेला माल खाली आला. कुणाला लागलं नाही एवढंच. कंपनीने घरी बसवलं. मग डोळ्यांचा डॉक्टर झाला, मणक्याचा झाला, एक देवऋषी मीच केला, आणि शेवटी मिरजेच्या डॉक्टरने ओळखलं. मायस्थेनिया. ते नाव म्हणेपर्यंत माझाच जबडा दुखतो.

"मेंदू हुकूम देतो," डॉक्टरने समजावलं, "पण तो स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. सकाळी विश्रांती झालेली असते, तेव्हा जोर असतो. जसजसा वापर होईल तसतसा तो संपत जातो."

मी म्हटलं, "डाक्टर, आमच्या घरातल्या गड्यांपातूर हुकूम कवाच पोचत न्हाई. ह्यात नवं काय?"

डॉक्टर हसला. पुढचं बोलताना मात्र हसला नाही. म्हणाला, "गोळी चुकवायची नाही, आजी. आज पापणी पडते, जबडा थकतो. उद्या श्वासाचे स्नायू थकले तर..." तेव्हापासून भाकरी थापत असले, अंगण झाडत असले, तरी माझा एक कान लेकाच्या छातीपाशी असतो.

आमच्यापाशी एक आधार होता. कारखान्यातल्या सगळ्या गड्यांनी मिळून एक विमा काढला होता. आजारपणाने काम करता आलं नाही तर घर चालेल एवढे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळायचे. पल्लवीने अर्ज भरला, डॉक्टरचे कागद जोडले. आम्ही निर्धास्त झालो.

आणि नेमकं त्याच सुमाराला पल्लवीला स्थळ आलं. तासगावकडचं. मुलगा बेदाण्याच्या शेडवर देखरेखीला, दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. आता आमच्याकडे अशी रीत आहे, की होकार द्यायच्या आधी मुलाकडचे एखादा अनोळखी माणूस मुलीच्या गावात पाठवतात. तो टपरीवर चहा पितो, पारावर बसतो आणि गोडगोड बोलून घराची सगळी माहिती काढतो. माणसं कशी आहेत, भाऊबंदकी आहे का, घरात कुणाला काही रोग आहे का. आणि अशा वेळी गावाने काय करायचं हेही ठरलेलं आहे. आपल्या गावची पोर आहे, वावगा शब्द काढायचा नाही. आमच्या वाडीला हे शिकवावं लागत नाही, तरी मी घरोघरी सांगून आले. कुणी रविराजचं विचारलं तर सुट्टीवर आलाय म्हणायचं, आणि गडी वाघासारखा आहे म्हणायचं.

तर असा एक माणूस आला. मोटारसायकल, पाठीला पिशवी. टपरीवर बसून रविराजची चौकशी करायला लागला. टपरीवाला भाऊसो म्हणाला, "रविराज व्हय? एका दमात पोतं उचलतंय!" गिरणीवाला बाळासो म्हणाला, "गेल्या जत्रंत माझ्यासंगं कुस्तीला उभा ऱ्हायला, कंबर मोडली माझी." एकाने भिंत बांधली की दुसरा तिच्यावर मजला चढवायचा. आणि ही बातमी घरी पोचल्यावर माझ्या लेकाने काय करावं? मेंढरांतला सगळ्यांत थोराड बकरा खांद्यावर घेतला आणि त्या माणसाच्या समोरून, पार ओलांडून, चालत गेला. म्हणाला, पोरीचा बाप कसा हाय ते बघू दे त्यास्नी. त्या माणसाने फोटो काढला. मी ओट्यावरून बघत होते. माझी छाती फुगली होती.

रविराज घरात येऊन पडला तो दोन दिवस उठला नाही.

काही दिवसांनी विमा कंपनीचं पत्र आलं. पल्लवीने वाचून दाखवलं. प्रत्यक्ष चौकशीत अर्जदार धडधाकट असून श्रमाची कामे करीत असल्याचे आढळले, सबब दावा नाकारण्यात येत आहे. सोबत फोटो जोडला होता. माझा लेक, खांद्यावर बकरा, तोंडावर हसू.

"आज्जे," पल्लवी म्हणाली, "त्यो मानूस तासगावचा न्हवता गं."

मग घर आवळायला लागलं. शिरवळची खोली सोडली. अंजना कधी दुसऱ्याच्या बांधावर गेली नव्हती, ती डाळिंबाच्या बागांत रोजाने जायला लागली. संध्याकाळी हाताला काटे घेऊन यायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही, त्यामुळे मला भांडायलाही जागा नाही. पल्लवी कॉलेज सोडून दहिवडीत कापडाच्या दुकानात उभी राहिली. मेंढरं बाजाराला गेली. गाभण मेंढी विकायची नाही हा माझ्या सासऱ्यापासूनचा नेम, तोही मी मोडला, आणि वाडीत सांगितलं की चारा नाही म्हणून विकल्या.

आणि एके दुपारी मी बघितलं. रविराजने गोळी दाताने तोडली. अर्धी जिभेवर ठेवली आणि अर्धी कागदात परत गुंडाळली.

"ही काय रीत रं?"

"पुरवून खातोय, आय." दुपारी त्याचा आवाज नाकातून येतो. "पाकीट बरंच दिस जातं की. सकाळी काय वाटत न्हाई."

मी कागद हिसकावला. त्याची हनुवटी धरून, तो तान्हा असताना पाजायचे तशी, उरलेली अर्धी त्याच्या तोंडात घातली. तो गिळेपर्यंत सोडलं नाही. मी सापाला भ्यायले नाही, दुष्काळाला भ्यायले नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. पण त्या अर्ध्या गोळीला भ्यायले.

पल्लवीने पुन्हा अर्ज केला. पहिली चौकशी चुकली, माणूस परत पाठवा म्हणून. कंपनीने मानलं, पण माणूस तोच पाठवायचं ठरवलं. नाव लालासाहेब. नावातच साहेब घेऊन जन्माला आलेला. आदल्या दिवशी त्याचा फोन आला, तो मीच घेतला.

"दुपारी या," मी म्हटलं.

"न्हाई जमत, मावशी. दुपारी म्हसवड हाय, मग परत सांगली. सकाळी नवाला येतो."

"सकाळी त्यो बरा असतोय."

"मग बरंच हाय की," तो म्हणाला.

आणि त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी मी पुन्हा घरोघरी गेले. या वेळी उलटं सांगायला. खरं बोला म्हणून गावाला विनवायची पाळी माझ्यावर आली. माणसं माझ्याकडे बघत बसली. हे खरं एकदा टपरीवर गेलं की तासगावला पोचायला उशीर नव्हता, हे मलाही कळत होतं. घरी आले तर पल्लवी उंबऱ्यावर बसली होती.

"मीच तासगावला फोन केला त्येला," ती म्हणाली. "पप्पांचं सगळं सांगितलं. दुसऱ्याकडनं कळन्यापरीस."

"मग काय म्हनला?"

"बघू म्हनला."

ती उठून मेंढरांना पाणी दाखवायला गेली. मी तिच्या मागे गेले नाही. काय तोंडाने जाणार?

तर असा हा साहेब सकाळी नवाला खुर्चीत बसला आणि समोर माझा लेक ओट्यावर ताठ बसला. पल्लवी दुकानातून रजा काढून दाराशी उभी होती, डॉक्टरचे कागद छातीशी धरून. साहेबाने ते आधीच बघितले होते, तरी पुन्हा बघितले.

"हात वर करा बरं."

रविराजने दोन्ही हात वर केले. सरळ, कानाला लावून.

"उठून बसता येतं?"

तो उठला, बसला, परत उठला. न सांगता.

"जिना चढता येतो का?"

"येतो की. का न यावा?"

मला राहवलं नाही. मी पुढे झाले. "सायब, ह्ये सकाळचं हाय. सकाळी त्यो असाच असतोय. दुपार हू द्या, मंग बघा."

"मावशी, मला जे दिसतं ते मी लिहितो." माणूस वाईट नव्हता, पण बोलता बोलता टोपण लावून पेन खिशात ठेवत होता. "सकाळी बरा, दुपारी आजारी, असं कसं लिहू? वरचे मलाच विचारतील. तुमच्याच गावानं मागं काय सांगितलं होतं मला?"

"गावाला वाटलं तुमी पोरीच्या स्थळाचं हाय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू आलं आणि त्याने ते आवरलं. "मावशी, मी पण तासगावचाच. पण असलं कारण आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं." आणि हेल्मेट उचललं.

त्याने हेल्मेट उचललं आणि मला दिसलं, की हा आत्ता जाणार. बरा दिसणाऱ्या माणसाचं कागदावर लिहिणार आणि कागदावर लिहिलेलं पुन्हा कुणी खोडणार नाही. घरात गोळ्यांचं शेवटचं पाकीट होतं. मी कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेले, तुरेवाला कोंबडा पायाला धरून बाहेर ओढला आणि साहेबाच्या समोरून नेऊन दिराच्या हातात दिला. आप्पासो माझा दीर, शेजारच्याच घरात राहतो. त्याला काही विचारायची सवय नाही. त्याने तिथल्या तिथे विळा घेतला.

"अवो अवो, हे काय?" साहेब म्हणाला.

"बुधवार हाय. खात न्हाईसा का?"

"खातो, पण आमाला चालत न्हाई. चौकशीला गेल्यावर जेवायचं न्हाई असा नियम हाय."

"मंग पैसं देऊन जेवा. पर माझ्या दारात कोंबडं पडल्यावर तुमी उपाशी गेलासा, तर लोक काय म्हनतील? तुमची आई काय म्हनंल?"

आई म्हटल्यावर तासगावचा माणूस घायाळ झाला. त्याने मोबाईलवर म्हसवडला कुणाला तरी उशीर होईल म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "तोवर गावात एक चक्कर मारतो. मागच्या वेळी बोललेली माणसं परत भेटतो."

"भावजी, संगं जावा," मी आप्पासोला म्हटलं. सगळीकडे सांगून ठेवलेलं होतं, म्हणून मला त्याची चिंता नव्हती.

ते गेल्यावर मी ओट्यावर आले. "कशापायी असं करतोस? हात वर काय, उठाबशा काय! शाळेत बक्षीस मिळवायचं हाय का तुला?"

"मग काय करू?" रविराज माझ्याकडे न बघता म्हणाला. "त्या मानसापुढं लुळ्यागत पडून दावू? माझ्याच्यानं व्हत न्हाई, आय. परक्याला घरातला कमीपना दावायचा न्हाई, ह्ये कुनी शिकीवलं मला?"

मी आत चुलीकडे गेले.

अंजना माझी सून, स्वयंपाकाला बसली की वाऱ्यासारखी. तिने मसाला परतायला घेतला, चुलीत लाकडं सारली. मी दोन लाकडं मागे ओढली.

"आत्या, शिजायचं न्हाई अशानं."

"दमानं शिजू दे."

तिने एक लाकूड आत सारलं. मी ते परत ओढलं. तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिने वाटीभर गार पाणी घेतलं आणि उकळायला आलेल्या रश्श्यात स्वतःच्या हाताने ओतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघी पहिल्यांदाच एका बाजूला होतो.

मी दारात येऊन लिंबाची सावली बघायची आणि परत आत जायची. ओट्यावर रविराज तसाच ताठ बसून होता. आत जाऊन पड म्हटलं तरी ऐकेना. एरवी मी त्याला पडायला लावलंच असतं. त्या दिवशी एकदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

मोटारसायकल येण्याआधी आप्पासोच पळत आला. धाप लागलेली.

"वैनी, घोटाळा झाला. भाऊसोनं परत तेच सांगितलं!"

"काय सांगितलं?"

"सायबानं इचारलं, रविराज कसा हाय. तर भाऊसो म्हनतो, आवं, परवाच माझ्या टपरीचं छप्पार एकट्यानं उचलून दिलं! मी डोळं मोडतोय, खाकरतोय, तर मला म्हनतो, आप्पासो, घसा बसलाय का, आल्याचा चहा करू का?"

"आन् मी त्येच्या बायकोला सांगून आली हुती!"

"त्या दोघांचं बोलनं बंद हाय, वैनी. संक्रांतीपासनं."

हसावं की भाऊसोची टपरी पेटवावी, मला कळेना. बाळासो गिरणीवाल्याने मात्र खरं सांगितलं होतं. कुस्ती बिस्ती झाली नाही, मी थाप मारली, असं हात जोडून सांगितलं. पण एक हो म्हणतो आणि एक नाही म्हणतो, तर साहेब काय लिहिणार? साहेब आला तेव्हा त्याच्या तोंडावर मघाचं हसू नव्हतं. घड्याळ बघून म्हणाला, "मावशी, वाढा आता. पटकन खातो आणि निघतो."

सोप्यात पंगत मांडली. साहेब, आप्पासो आणि रविराज. साहेबाने बसायच्या आधी शंभराची नोट काढून देवळीत ठेवली. मी ती बघितली आणि वाढायला घेतलं. बाजरीच्या भाकरी, रस्सा, कांदा. रविराजला आम्ही गेले कित्येक महिने भाकरी कुस्करून, रश्श्यात भिजवून, अगदी मऊ करून देतो, आणि तो आतल्या खोलीत एकटा बसून खातो. अंजनाने तसाच वाडगा आणून त्याच्या पुढे ठेवला.

त्याने वाडगा बाजूला सारला. "मला बी भाकरी दे."

"आवं..."

"दे म्हनतो न्हवं."

अंजनाने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरने घास अडकण्याची भीती घातली होती, ती आम्हा दोघींच्या डोळ्यांत एकाच वेळी उभी राहिली. मी नको म्हणू शकले असते. पंगतीतून भाकरी उचलू शकले असते. साहेब बघत होता. मी भाकरी वाढली.

पहिला घास गेला. दुसरा गेला. रविराज साहेबाशी बोलत होता, फोर्कलिफ्टचं सांगत होता, माल रचायची पण एक कला असते म्हणाला. तिसरा घास तोंडात फिरायला लागला. फिरतोय आणि फिरतोय. बोलणं नाकात गेलं. त्याने डावा हात कोपरावर टेकवला आणि मूठ हनुवटीखाली घातली, विचार करत बसलेल्या माणसासारखी. आम्हाला माहीत होतं, तो विचार करत नव्हता. तो मुठीने जबडा वर ढकलत होता. घास चावायला त्याला हाताची मदत लागत होती.

"पानी घ्या," साहेब म्हणाला.

त्याने घेतलं. ते नाकातून आलं.

शर्टावर रस्सा आणि पाणी उतरलं. रविराजने ते पुसायला हात उचलला तर हात छातीपर्यंत आला आणि थांबला. उजवी पापणी पडली होती. मग डावी पडली. तोंडातला घास तसाच होता, गिळता येईना आणि थुंकायची लाज. त्याच्या छातीतून बारीक शीळ आल्यासारखा आवाज यायला लागला.

मी कशी पोचले मला आठवत नाही. मी त्याला मागून धरलं, तोंडात बोट घालून घास बाहेर काढला, पल्लवीने गोळी आणि चमचाभर पाणी आणलं. एवढंसं पाणी, पण ते आत जाईपर्यंत मला वाटलं की जन्म गेला. "श्वास घे," मी म्हणत होते. "घे रं. माझ्यासंगं घे." तो घेत होता. उथळ, पण घेत होता. हळूहळू ती शीळ थांबली.

साहेब भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. त्याने तो ताटात ठेवला आणि हात धुतला. मग आप्पासोला विचारलं, "रोज असं होतं?"

"जेवताना रोज हुतंय. पर आज त्यो तुमच्यासंगं बोलत बसला," आप्पासो म्हणाला. "आमच्यासंगं बोलत न्हाई येवढं."

"मग सकाळी मला का न्हाई सांगितलं यांनी?"

रविराजच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते आजाराचं होतं असं मी म्हणते.

साहेबाने मोबाईल काढला. परत खिशात घातला. परत काढला. म्हणाला, "मावशी, मी जे बघितलं ते लिहीन. टपरीवाला काय म्हणाला ते पण लिहावं लागंल. वरचे काय करतील ते माझ्या हातात न्हाई. पण मागचा फोटो हाय त्यांच्यापाशी. त्याच्यापुढं ठेवायला मला आजचं काहीतरी पाहिजे." तो रविराजकडे वळला आणि खाली मांडी घालून त्याच्या समोर बसला. "भाऊ, व्हिडिओ काढू का? तुम्ही न्हाई म्हणालात तर न्हाई काढणार."

सोप्याच्या दारात आता दोन-चार माणसं जमली होती. आरडाओरडा ऐकून आलेली. भाऊसोही होता, टपरीचं फडकं खांद्यावर, तोंड पडलेलं. मी म्हटलं, "जावा सगळी." कुणी गेलं नाही. रविराजला दिसत नव्हतं, पण माणसं आहेत हे त्याला कळत होतं.

त्याचे ओठ हलले. शब्द कुणालाच कळला नाही. मला कळला. "काढा म्हनतोय," मी सांगितलं.

मी पदराने त्याचं तोंड पुसलं. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं, कॉलर सारखी केली. केसांतून हात फिरवला. मग त्याच्या मागे बसून, हनुवटीखाली तळहात धरून, त्याचं तोंड साहेबाच्या समोर नीट धरलं, दाराकडच्या उजेडात.

साहेबाने मोबाईल वर केला. बघितलं, आणि खाली घेतला.

"मावशी," तो हळू म्हणाला, "तुमचा हात काढावा लागंल. हात हाय तोवर त्यात काय दिसत न्हाई."

माझ्या तळहातावर माझ्या लेकाच्या डोक्याचं सगळं वजन होतं. अंजनाने तोंड फिरवलं. पल्लवीने फिरवलं नाही.

मी हात काढला.